एका शिकाऱ्याची खोटी चिठ्ठी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वार्षिकांकात चरित्रपर लेख लिहायचा म्हटले की थोर माणसांची नावे आपोआप डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्याच्या पायावर डोके ठेवावे अशाच माणसाचे चरित्र लिहायचे, असा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. मी मात्र या लेखासाठी ज्याची निवड केली आहे तो शूर होता, विद्वान होता, जगप्रसिद्धही होता. पण तो थोर होता असे मला म्हणवत नाही. शिकारी, सैनिक, पक्षिशास्त्रज्ञ आणि लेखक अशा चारही नात्यांनी त्याने नाव मिळवले. आफ्रिकेतील शिकारीवरच्या वाईटातल्या वाईट पुस्तकांची यादी करायला मला कोणी सांगितले, तर पहिल्या क्रमांकावर मी याच गृहस्थाचे पुस्तक ठेवीन. का, ते सांगायचे तर त्याचे सगळे आयुष्यच सांगावे लागेल. त्या आयुष्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात, खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पोचतो.

या माणसाचे नाव कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. जन्म लंडनमध्ये ३ मार्च १८७८ रोजी, मृत्यूही लंडनमध्येच १७ जून १९६७ रोजी. एकूण ८९ वर्षांचे भरगच्च आयुष्य. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून यापुढे मी त्याला नुसते कर्नल म्हणणार आहे.

शिकारीच्या पुस्तकांचा नाद मला कॉलेजात आल्यावर लागला. आमचे गाव जिंतूर तालुक्यात. तिथे तूर आणि ज्वारी उभी राहिली की रोही आणि रानडुकरे येतात. माझे वडील हंगामात रात्र-रात्र माळ्यावर बसून डबा बडवतात, तरी सकाळी दोन-चार तास लोळवलेले दिसतातच. त्यामुळे जंगली जनावर म्हणजे काहीतरी गूढरम्य आहे असे मला कधी वाटले नाही. ग्रंथालयात शिकारकथा हाती लागल्या तेव्हा प्रथम नवल वाटले, ते जनावराच्या मागे हौसेने, पैसे खर्च करून, समुद्र ओलांडून जाणाऱ्या माणसांचे. पुढे ही पुस्तके वाचण्याची चटक लागली. मराठीतली संपली तेव्हा इंग्रजीतली शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागले.

वाचता वाचता वाईट शिकारपुस्तकांचे प्रकार लक्षात येऊ लागले. पहिला प्रकार आकड्यांचा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मुलाला घेऊन आफ्रिकेत गेले. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली आणि १९१० मध्ये ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ हे जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. वाचताना मला खळ्यावरच्या मोजणीची आठवण झाली. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. जनावरांची कातडी आणि सांगाडे त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिले आणि ते अभ्यासाला उपयोगी पडले.

दुसरा प्रकार फुगवून सांगणाऱ्यांचा. १८९८ मध्ये केनियात साव्हो येथे रेल्वेचा पूल बांधला जात असताना दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेण्याचा सपाटा लावला. ही रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांच्या वर मजूर नेले होते, म्हणजे सिंहांच्या तोंडी पडलेल्यांत आपली माणसे होती. सिंह मारणाऱ्या पॅटरसन या अधिकाऱ्याने १९०७ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात त्याने २८ हिंदी मजूर आणि शिवाय अनेक स्थानिक लोक मारले गेल्याचे सांगितले. पुढे हा आकडा वाढत वाढत १३५ पर्यंत गेला. ते दोन्ही सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे केस आणि हाडे तपासून सुमारे ३५ माणसे खाल्ली गेली असावीत असा अंदाज काढला. सांगणाऱ्याने फुगवले, पण सिंहांची कातडी जपून ठेवलेली होती म्हणून शंभर वर्षांनी का होईना पडताळा घेता आला.

तिसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात पडताळ्याची वाटच बुजवलेली असते. आपल्या कर्नलचे पुस्तक या प्रकारातले आहे. आता त्याची कहाणी सुरुवातीपासून सांगते.

कर्नलचे घराणे मूळचे जर्मनीतल्या ब्रेमेनचे. वडील लंडनमधले बडे सावकार, पेढीचे मालक. घरात दहा मुले. मावशी बिएट्रिस वेब ही पुढे समाजवादी विचारवंत म्हणून जगाला माहीत झाली. हॅम्पशायर परगण्यात मॉटिसफाँट नावाचा जुना मठ या कुटुंबाने राहायला घेतला होता. तिथे भोवती झाडी, नदी आणि पाखरे. थोरला भाऊ डॅनियल याला पक्ष्यांचे वेड होते, तो त्यांची चित्रेही काढी. धाकट्या रिचर्डला पाखरांची गोडी लागली ती या भावामुळे. १८९८ मध्ये डॅनियल ऐन तारुण्यात आजारी पडून वारला. पैशाला तोटा नाही, शिक्षण हॅरोसारख्या नामांकित शाळेत आणि डोळ्यांदेखत गेलेला भाऊ, अशी या माणसाची सुरुवात आहे. इथवरचे वाचताना मला त्याच्याविषयी मायाच वाटली.

पेढीच्या कामात त्याचे मन रमेना. १८९९ मध्ये तो रॉयल फ्युझिलिअर्स पलटणीत अधिकारी झाला आणि हिंदुस्थानात आला. १९०२ मध्ये त्याची बदली पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात झाली. तिथली चार वर्षे म्हणजे त्याच्या ‘केनिया डायरी’ या पुस्तकाचा विषय. हे पुस्तक छापून आले मात्र १९५७ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर.

या डायरीत शिकार आहे, पक्षी आहेत, डोंगर आणि पाऊस आहेत. काही ठिकाणी निसर्गाचे निरीक्षण इतके बारीक आहे की दाद द्यावीशी वाटते. १९०४ मध्ये त्याच्यामुळे एका महाकाय रानडुकराची शास्त्राला ओळख झाली. आमच्याकडच्या रानडुकराचा हा आफ्रिकेतला थोरला भाऊच. शास्त्रज्ञांनी त्याला कर्नलचेच नाव दिले आणि आजही त्याच्या शास्त्रीय नावात ते आहे. त्या रानात राहणाऱ्या लोकांना हे डुक्कर आधीपासून माहीत होते, हे सांगायला नकोच. पण शास्त्राच्या वहीत नाव लागते ते वहीपर्यंत पोचणाऱ्याचे.

त्याच डायरीत जनावरांच्या मोजदादीच्या शेजारी माणसांची मोजदाद येते. ब्रिटिश सत्तेला न जुमानणाऱ्या गावांवर चढाया, जाळलेल्या झोपड्या, हाकून नेलेली गुरे, मारलेली माणसे. एका गावी एका गोऱ्या माणसाचा खून झाला, म्हणून मुलांना वगळून सारे गाव कापून काढण्याचा हुकूम आपण दिला, असे तो लिहितो. आज काय मारले, याच्या नोंदीत एके दिवशी हरीण येते आणि दुसऱ्या दिवशी माणूस, आणि लेखणी दोन्हीकडे सारखीच चालते. पन्नास वर्षांनी पुस्तक छापताना प्रस्तावनेत तो म्हणतो की ही कत्तल वाचून आपल्या स्वतःलाच धक्का बसला. हे तो लिहितो याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पण धक्का बसल्याचे एका परिच्छेदात सांगून पुढे शेकडो पाने तीच कत्तल रंगवून छापायची, याला पश्चात्ताप कसा म्हणावा?

इथे मला आपल्या मुलखातली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. पारधी माणूस फास लावून तित्तर धरी, तो पोट भरण्यासाठी. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून पुढे अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. त्याच सरकारचा अधिकारी हौसेखातर कळपच्या कळप आडवे करी, त्याला मात्र खेळाडू म्हणत आणि त्याच्यावर पुस्तक निघे. शिकार कोणाची ग्रंथालयात जाते आणि कोणाची पोलीस ठाण्यात, हे शिकारीवर अवलंबून नसते.

कर्नलच्या आफ्रिकेतल्या दिवसांचा शेवट १९ ऑक्टोबर १९०५ रोजी झालेल्या एका भेटीने झाला. नंदी नावाच्या जमातीने इंग्रजांच्या रेल्वेला आणि राज्याला दहा वर्षे कडवा विरोध केला होता. त्यांचा धर्मगुरू आणि पुढारी कोइतालेल अराप सामोई. तहाची बोलणी करण्यासाठी दोघांची भेट ठरली आणि त्या भेटीतच कर्नलने कोइतालेलला गोळी घालून ठार केले. त्याच्याबरोबरची माणसेही मारली गेली. दगा कोइतालेलच्याच मनात होता, असे कर्नलचे म्हणणे. भेटीला आलेल्या माणसाला कपटाने मारले, असे नंदी लोकांचे म्हणणे. आपल्याकडे प्रतापगडच्या भेटीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्यांना अशा भेटीचा ताण वेगळा सांगायला नको. पण इथे परक्या मुलखात शिरलेला कोण आणि आपली भूमी राखणारा कोण, हे विसरून चालणार नाही. चौकश्या झाल्या, कर्नल निर्दोष ठरला, तरी १९०६ मध्ये त्याला आफ्रिकेतून हलवण्यात आले. केनिया आज कोइतालेलला स्वातंत्र्यवीर मानतो.

पुढे पहिले महायुद्ध आले. नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईहून गेलेल्या हिंदी फौजेचा पूर्व आफ्रिकेत टांगा येथे दारुण पराभव झाला, त्या मोहिमेत कर्नल हेरखात्याचा अधिकारी होता. १९१७ मध्ये तो पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेला. तिथली एक गोष्ट फार गाजली. खोटे नकाशे आणि कागद भरलेली पिशवी शत्रूच्या हद्दीत मुद्दाम टाकायची, म्हणजे हल्ला गाझावर होणार अशी तुर्कांची समजूत होईल आणि खरा हल्ला बीरशेबावर करता येईल. युक्ती अमलात आली, बीरशेबा पडले आणि पिशवी टाकणारा वीर म्हणून कर्नलचे नाव झाले. युद्धात शत्रूला फसवणे हा गुन्हा नाही. पण ही कल्पना मुळात दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती, आणि कर्नलने त्यातला आपला वाटा भलताच वाढवून सांगितला, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे फसवणुकीचे श्रेयसुद्धा फसवून घेतलेले!

१९१९ च्या पॅरिसच्या शांतता परिषदेला तो हजर होता. १९२५ मध्ये त्याने सैन्य सोडले आणि उरलेले आयुष्य पक्ष्यांना वाहिले. इजिप्तच्या पक्ष्यांवर त्याचा द्विखंडी ग्रंथ १९३० मध्ये निघाला, अरबस्तानच्या पक्ष्यांवरचा १९५४ मध्ये. त्याची पत्नी ॲनी ही स्वतः अभ्यासू पक्षिशास्त्रज्ञ होती. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या घरी पिस्तुलाची गोळी लागून ती गेली. चौकशीत तो अपघात ठरला. पुढे लोकांनी संशय घेतला. मी मात्र पुराव्यावाचून त्यात शिरणार नाही. खोटेपणाविरुद्ध लेख लिहिताना तेवढे पथ्य पाळायलाच हवे.

आता थोडे संग्रहालयाविषयी सांगणे जरूर आहे. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारायचा, आतले मांस काढून कापूस भरायचा आणि कातडे जपून ठेवायचे. त्या कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधतात. तिच्यावर कोणी मारला, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढेच असते. दोन ओळींचा मजकूर. पण चिठ्ठी नसेल तर ते कातडे म्हणजे नुसती पिसे. तो पक्षी कुठे राहत होता, किती वर्षांपूर्वी होता, हे सारे त्या दोन ओळींवर ठरते. मला विचाराल तर जगातले सर्वांत लहान शिकारीचे पुस्तक म्हणजे ही चिठ्ठी.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असे लाखो नमुने होते. १९१९ मध्ये तिथल्या पक्षिविभागात परवानगीवाचून नमुने बाहेर नेल्यावरून कर्नलला दीड वर्ष बंदी घालण्यात आली होती. बड्या माणसांनी शब्द टाकला आणि त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. संशय घेणारे लोक त्यानंतरही होते, पण कर्नलच्या विरुद्ध उघड बोलणार कोण? शेवटी १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह याच म्युझियमला दान केला. चोहोकडे वाहवा झाली.

याच माणसाबरोबर आपले डॉ. सालिम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात पक्षी शोधत हिंडले. सालिम अली १८९६ मध्ये मुंबईत जन्मले, लहानपणीच पोरके झाले आणि खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. त्यांनाही पोरवयात शिकारीच्या पुस्तकांचे वेड होते आणि हातात बंदूक होती. त्यांनी मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेले, ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकातून ऐकलेली असते. १९३१–३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. बंदूक सालिम अलींच्याही हातात होती आणि पक्षी त्यांनीही मारले. फरक चिठ्ठीत होता. त्यांनी लिहिलेल्या जागेवर आणि तारखेवर आजचा अभ्यासक डोळे मिटून विसंबतो.

अफगाणिस्तानच्या प्रवासात कर्नलने आपल्या डायरीत सालिम अलींविषयी आणि एकंदर हिंदी माणसांविषयी बरीच कुजकट शेरेबाजी करून ठेवली. हिंदी लोकांना राज्य चालवता येणार नाही, असा त्याचा सूर. ही शेरेबाजी सालिम अलींना पुढे वाचायला मिळाली, तेव्हा ते रागावले नाहीत. १९८५ मध्ये निघालेल्या आपल्या आत्मचरित्रात ती त्यांनी स्वतःहून देऊन टाकली. आपल्याविषयी लिहिलेले वाईटही न बदलता छापणारा एक, आणि आपल्याविषयीचे चांगले स्वतःच रचून छापणारा दुसरा. दोघे एकाच वाटेने चालले, एकाच मुक्कामी राहिले.

रचून छापणारा असे मी का म्हणते, ते आता सांगते. कर्नलच्या डायऱ्या सत्तरांहून अधिक खंडांच्या आहेत आणि त्या सुट्या पानांवर टंकलिखित केलेल्या आहेत. म्हणजे पान काढून दुसरे घालायची सोय. केनियातल्या किकुयु लोकांचे पुढे बंड होणार, हे आपण १९०२ च्या सुमारास ओळखले होते, असे ‘केनिया डायरी’ सांगते. पण ती छापली गेली १९५७ मध्ये, माऊ माऊचा उठाव जगाला माहीत झाल्यावर. झालेल्या पावसाचे भविष्य सांगणाऱ्या पंचांगासारखे हे झाले. १९३९ मध्ये आपण हिटलरला भेटलो तेव्हा खिशात भरलेले पिस्तूल होते, असेही तो लिहितो. त्याला पुरावा त्याच्या स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा नाही. २००७ मध्ये ब्रायन गारफील्ड या लेखकाने त्याच्या बढायांवर पुस्तकच लिहिले.

पण त्याच्या खोटेपणाचा पक्का पुरावा माणसांनी दिला नाही, तो पाखरांनी दिला. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स या अभ्यासकाने दाखवून दिले की कर्नलच्या संग्रहातले काही पक्षी त्याने मारलेलेच नाहीत. ते म्युझियममधून चोरलेले जुने नमुने होते आणि पायाला नवी चिठ्ठी बांधून त्याने ते आपल्या नावावर केले होते. नंतर पामेला रासमुसेन आणि रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी कसून तपास केला तेव्हा असे शेकडो नमुने निघाले. ज्या म्युझियममधून चोरी झाली त्याच म्युझियमला चोरीचा माल दान म्हणून परत आला होता!

आणि आता तो खानदेशाचा धागा. आपल्याकडे पिंगळा सर्वांच्या ओळखीचा. चिंचेच्या नाहीतर लिंबाच्या ढोलीतून दिवेलागणीला डोकावणारे हे छोटे घुबड. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा ओळखून भविष्य सांगतो, अशी खेड्यात समजूत आहे. याच पिंगळ्याचा रानात राहणारा एक दुर्मीळ भाऊबंद म्हणजे वनपिंगळा. हा भरदिवसा शिकार करतो. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याची शास्त्राला ओळख करून दिली. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढे होते. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा भागात, काही वनपिंगळे मारून ठेवले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला मिळाला नाही. जगात त्याचे नमुने उरले अवघे सात.

या सातांपैकी एकावर कर्नलची चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते की हा पक्षी ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. मग पक्षिप्रेमी वनपिंगळा शोधायचे ते गुजरातेकडे नजर लावून. शेवटची नोंद १९१४ ची आणि तीही एवढ्या मोठ्या माणसाची. तिच्यावर अविश्वास कोण दाखवणार? पक्षी काही मिळेना. तो नामशेष झाला असावा असेही लोक बोलू लागले.

पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरणाखाली पाहता दिसून आले की पक्ष्याचे कातडे पुन्हा उसवून भरलेले आहे आणि मूळची बांधणी डेव्हिडसनच्या हातची आहे. म्हणजे खानदेशातला वनपिंगळा चोरून, उसवून, नव्या चिठ्ठीनिशी कर्नलने गुजरातचा केला होता. १९९९ मध्ये हा सारा तपास प्रसिद्ध झाला. त्याआधीच, कर्नलची चिठ्ठी बाजूला ठेवून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधाराने भारतात शोधायला आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या, तिथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका उघड्या फांदीवर वनपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी आपल्या घरीच होता! पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो सापडला.

वाचकांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. डेव्हिडसननेही वनपिंगळा मारलाच होता. पक्ष्याच्या दृष्टीने पाहिले तर डेव्हिडसन आणि कर्नल यांच्यात काय फरक? पण डेव्हिडसनने चिठ्ठीवर खरे लिहिले, म्हणून शंभर वर्षांनी त्या चिठ्ठीचे बोट धरून माणसे पक्ष्याच्या झाडापर्यंत पोचली आणि त्याचे रान राखण्याचा विचार सुरू झाला. कर्नलने खोटे लिहिले, म्हणून साऱ्यांची पावले वेगळ्या वाटेला लागली. त्या मधल्या वर्षांत सातपुड्यातली किती झाडे तुटली असतील! गोळीने एक पक्षी जातो. खोट्या नोंदीने त्या जातीचा माग जातो.

म्हणून मी ‘केनिया डायरी’ला सर्वांत वाईट शिकारपुस्तक म्हणते. त्यात रक्त फार आहे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्यातले कोणते पान खरे आणि कोणते रचलेले हे ओळखायचा उपाय लेखकाने ठेवलेला नाही. चढाईत मेलेल्या माणसांना स्वतःची डायरी नव्हती. कोइतालेलची बाजू त्याच्या लोकांनी तोंडी जपली. छापील पुस्तक साहेबाचे. जिथे एकाच बाजूला लेखणी असते, तिथे त्या लेखणीने खोटे बोलणे हा दुप्पट अपराध आहे.

ही गोष्ट मला इतकी का लागली, तेही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आईवडिलांना वाचता येत नाही आणि म्हणूनच कागदावर त्यांचा फार विश्वास. छापलेले आहे म्हणजे खरे असणार, असे ते धरून चालतात. माझा जन्म पोळ्याच्या आसपासचा, असे आई सांगते. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून आहे, कारण नाव घालताना कोणीतरी अंदाजाने तशी तारीख टाकली. आमच्या गावात निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनलाच असतो! यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण आता प्रत्येक अर्जावर मला तीच तारीख लिहावी लागते आणि आईची पोळ्याची आठवण कुठेच धरली जात नाही. एकदा लिहिले गेलेले किती चिवट असते, ते मला कर्नलच्या चिठ्ठीआधीच कळले होते.

वडिलांना मी ही सगळी हकीगत एका रात्री माळ्यावर सांगितली. कोइतालेलचे ऐकून ते गप्प झाले. पण घुबडाची चोरी आणि बदललेली चिठ्ठी ऐकल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले की, एवढा पैसा, एवढे शिक्षण असून त्याला हे करायची गरज काय होती. मी पुष्कळ विचार केला. गरज पोटाची नव्हती, कीर्तीची होती, एवढेच माझ्याने सांगवले. भुकेला सीमा असते, ती भागते. कीर्तीच्या हव्यासाला माळ्यावरून डबा बडवून हाकलता येत नाही.

असो. आपल्यासारखी खेड्यापाड्यांतून आलेली मुले उद्या तलाठी होतील, शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील, कोणी वनखात्यात जातील, कोणी पत्रकार होतील. आपल्या हातून हजारो नोंदी होतील: पिकाच्या नुकसानीच्या, जन्माच्या, मृत्यूच्या, पाण्याच्या पातळीच्या, कदाचित पक्ष्यांच्याही. त्या दोन-दोन ओळींच्याच असतील आणि त्यांच्याखाली कोणी आपली कीर्ती गाणार नाही. डेव्हिडसनचे नाव तरी आज किती जणांना माहीत आहे? पण शहाद्याच्या रानात त्या सकाळी वनपिंगळा दिसला तो त्याच्या दोन ओळींमुळे. कर्नलचे वीस हजार पक्षी म्युझियमच्या कपाटात आहेत, आणि त्यातला प्रत्येक पक्षी हाती घेताना अभ्यासकाला आधी त्याच्या चिठ्ठीवर संशय घ्यावा लागतो.